कागदावरची साठी

मला सगळ्यात जास्त किळस कशाची येते असं कोणी विचारलं, तर मी पालीचं नाव घेणार नाही की तुंबलेल्या नालीचं घेणार नाही. आमच्या पूलच्या हॉलमध्ये चहाच्या मशीनच्या वर सेलोटेपनं एक तीन पानी कागद चिकटवलाय, त्याचं नाव घेईन. पूल म्हणजे हिरव्या कापडाच्या टेबलावर काठीनं रंगीत गोळे भोकात टाकायचा खेळ. आणि तो कागद म्हणजे या खेळाच्या राज्य स्पर्धेत म्हातारा कोणाला म्हणायचं याचे नियम. वर ठळक अक्षरात लिहिलंय, ‘सीनियर गट : पात्रता’. माणूस म्हातारा झाला की नाही हे त्याच्या गुडघ्यांना विचारावं, फार तर बायकोला विचारावं. हे लोक शाळेच्या दाखल्याला विचारतात.

मी एकसष्ट वर्षांचा आहे. कागदावर बासष्टचा. हा एका वर्षाचा फरक लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घाणेरडेपणा त्या एका वर्षातून निघालेला आहे आणि त्यातला मोठा वाटा माझा आहे. दुसऱ्यांना शिव्या घालून मी मोकळा होणार नाही. त्यांनाही घालीन, पण शेवटी माझ्यापर्यंत येईन.

मी औषधाच्या कंपनीत एमआर होतो. म्हणजे जन्मभर बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात बसलो, आणि आत गेल्यावर जे नाही ते आहे असं हसून सांगितलं. आता नागपुरात बेसाला फ्लॅटमध्ये राहतो. पण मी मूळचा कामठीचा. आमच्या मोहल्ल्यात दिवसभर पॉवरलूमचा खडखडाट चालायचा, त्यामुळे तिथली माणसं आजही गरजेपेक्षा मोठ्यानं बोलतात. आमच्या शेजारच्या घरात माझा एक दोस्त राहायचा. ठेंगणा, डोक्यानं मोठा, हातांनी आखूड, आणि माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. हे मोठेपण त्यानं मला एक दिवस विसरू दिलं नाही. मी पाळण्यात असताना तो आईचं बोट धरून माझ्या बारशाला आला होता. पुढं जन्मभर मी काही शहाणपण सांगायला गेलो की त्याचं ठरलेलं असायचं, ‘‘चूप रे गा, तुह्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्या मी.’’ लोक हे नुसतं बोलायला म्हणून बोलतात, यानं खरंच खाल्ल्या होत्या.

तो सरकारी खात्यात जीपवर ड्रायव्हर लागला. मी औषधं विकायला लागलो. पूल आम्ही एकत्रच शिकलो. छावणीतल्या क्लबानं भंगारात काढलेलं एक टेबल कामठीच्या एका सलूनवाल्यानं उचललं आणि सलूनच्या मागच्या खोलीत टाकलं. पुढं दाढी, मागं पूल. टेबल एका बाजूला उतरतं होतं, गोळा आपोआप डाव्या कोपऱ्याकडे जायचा. त्यावर हात बसला, म्हणून नंतर नागपुरातल्या चांगल्या टेबलावर आम्ही दोघंही कित्येक महिने उजवीकडे जास्तीचं मारायचो. तो माझ्यापेक्षा चांगला खेळायचा. हे मी आज लिहितो आहे, तेव्हा कबूल करत नव्हतो. माझे हात लांब, मी टेबलावर कुठंही पोचायचो. त्याचे पोचत नसत. टेकू लावायची काठी घेऊन, टाचा वर करून, जीभ दातात धरून तो असा काही नाजूक गोळा ढकलायचा की बघणारा गप्प व्हायचा.

त्यानं तीस वर्षं खुल्या गटात नाव घातलं आणि तीस वर्षं पहिल्या नाहीतर दुसऱ्या फेरीत घरी आला. खुल्या गटात पोरं असतात. आठ-आठ तास सराव करणारी, चष्मा नसलेली. त्यांच्यापुढं काय टिकणार. पण सीनियर गटात, आपल्या वयाच्या माणसांत, आपण एकदा तरी वरपर्यंत जाऊ असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. सीनियर गट साठीनंतरचा. तो चाळिशीपासून साठीची वाट बघत होता. मी दुसरा कोणी माणूस असा म्हातारपणाकडे डोळे लावून बसलेला पाहिला नाही.

आणि डोळेच गेले. एका बाजूनं अंधार सरकून राहिला असं तो सांगायला लागला, तेव्हा मीच त्याला माझ्या ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला, बराच पुढं गेलेला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर येत नाही, राहिलेली धरून ठेवायचा प्रयत्न करू. त्यानं फक्त एकच विचारलं, ‘‘पुढल्या वर्षी गोळा दिसंल का?’’ डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, यंदा काय करायचं ते करून घ्या. मी त्या खोलीत होतो. मी ऐकलं. माझ्या मुलीला, जावयाला, कोणाला हे मी आजपर्यंत सांगितलेलं नाही.

त्याच वर्षी, म्हणजे दोन वर्षांपूर्वी, राज्य स्पर्धा नागपूरला आली. एरवी ती तिकडं पश्चिमेला व्हायची, रात्रभर रेल्वेत बसून जावं लागायचं. यंदा आपल्याच हॉलमध्ये. त्याची नोकरी नुकतीच संपली होती, एक डोळा बरा चालत होता, वय एकसष्ट. सगळं जमून आलं होतं. आणि मग तो तीन पानी कागद भिंतीवर लागला.

काय लिहिलं होतं त्यात. खेळाडूनं जानेवारीच्या पहिल्या तारखेला साठ पूर्ण केलेली असावीत. वयाचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखलाच चालेल, दुसरं काही चालणार नाही. डॉक्टरचं प्रमाणपत्र हवं. काळी पँट हवी, काळा वेस्टकोट हवा, गळ्याला बो हवा. साठीच्या माणसानं टेबलावर ओणवं व्हायचं, पोट टेबलाच्या कडेवर टेकवायचं, आणि त्यावर घट्ट वेस्टकोट. हे कोणी ठरवलं असेल. शेवटी एक ओळ, ‘सीनियर खेळाडूंचा योग्य तो सन्मान राखला जाईल.’ ही ओळ वाचून मला तेव्हाच ओकारी यायला हवी होती. पण आली नाही, कारण माझा दाखला ठीक होता. माझ्या दाखल्यावर मी साठ पूर्ण होतो. खरा मी एकोणसाठचा होतो.

आता हे कसं झालं ते सांगतो. आमच्या वेळी कामठीच्या शाळेत जन्माचा कागद कोण मागतो. घरीच सुईण येऊन गेलेली, तारीख कोणाला ठाऊक. कोणाची आई सांगायची, कापसाच्या दिवसात झाला. कोणाची सांगायची, मोठा पूर आला त्याच्या आदल्या साली. मग हेडमास्तरांची एक तपासणी असायची. पोराला समोर उभं करायचं, उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगायचं. हात कानाला लागला, पोरगं सहा वर्षांचं. नाही लागला, पुढल्या साली ये. झाली जन्मतारीख. हजेरीपटावर सगळ्या पोरांचा वाढदिवस एकाच दिवशी, शाळा सुरू व्हायच्या महिन्यातला.

मी आणि माझा दोस्त एकाच दिवशी त्या रांगेत उभे होतो. मी पाच वर्षांचा, तो सात. माझा लांबडा हात पहिल्या फटक्यात कानाला लागला. हेडमास्तरांनी मला सहाचा लिहिला. त्याचं डोकं मोठं, हात आखूड. तो ओढून ओढून लाल झाला, मान वाकडी केली, पण बोटं केसांतच राहिली. त्याला परत पाठवला. दुसऱ्या साली त्याला मुदतीचा ताप आला, नेलाच नाही. तिसऱ्या साली, नवव्या वर्षी, त्याचा हात एकदाचा कानाला पोचला आणि हेडमास्तरांनी नऊ वर्षांच्या घोड्याला सहाचा लिहिला. मी तेव्हा तिसरीत होतो. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा माणूस कागदावर माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान झाला. त्यावर आम्ही पन्नास वर्षं हसलो. स्पर्धेच्या वर्षी कागदावर मी साठचा होतो आणि तो अठ्ठावन्नचा.

अर्ज तपासायच्या दिवशी सकाळी अकराला आम्ही हॉलमध्ये गेलो. कमिटीतले तीन जण एका पूल टेबलावर फळी टाकून बसले होते. मधे सेक्रेटरी, पंचेचाळिशीचा, टाइल्सचा शोरूमवाला, अंगाला एवढा सेंट की शेजारी बसलेल्याला शिंक यावी. एका बाजूला एक टकला, जो कागद बघायच्या आधी माणसाचे बूट बघायचा. दुसऱ्या बाजूला एक म्हातारे गृहस्थ, पूर्वी चांगले खेळायचे, आता नुसते बसवलेले. तिघांपुढं तर्रीपोहे. लोकांचे दाखले हातात घेऊन हे लोक तर्रीपोहे खात होते. माझा दाखला सेक्रेटरीनं दोन बोटांत धरला, म्हणाला, ‘‘एकदम क्लीन, सर,’’ आणि शिक्का मारला. पाच मिनिटंही लागली नाहीत. मी बाजूला जाऊन उभा राहिलो आणि मला बरं वाटलं. हे बरं वाटणं मला आजही तोंडात कडू लागतं.

मग माझा दोस्त पुढं झाला. त्यानं एकट्यानं यायचं नाही असं ठरवलं होतं, सोबत बहिणीला आणलं होतं. लहान बहीण, त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, कळमन्याकडे दिलेली. तिला आजोळी शाळेत घातलं होतं आणि तिथले मास्तर जन्माची नोंद बघितल्याशिवाय कोणाला घेत नसत, म्हणून तिची तारीख खरी होती. ती एकोणसाठची. तिच्या प्लास्टिकच्या पिशवीत तिचा स्वतःचा दाखला होता. त्यांचं म्हणणं साधं होतं. ही एकोणसाठची, हा हिचा मोठा भाऊ, म्हणजे हा अठ्ठावन्नचा असूच शकत नाही.

सेक्रेटरीनं दोन्ही दाखले शेजारी ठेवले, बघितले आणि हसायला लागला. टकल्याला दाखवले, तोही हसला.

‘‘काका, याच्यात तं काकूच मोठ्या हायेत तुमच्यापेक्षा,’’ सेक्रेटरी म्हणाला. ‘‘घरी विसरभोळेपणा झाला असंल. तुम्हीच लहान असान.’’

बहीण शांतपणे म्हणाली, ‘‘साहेब, मी याच्या कडेवर वाढली. लहान भावाच्या कडेवर कोणती मोठी बहीण वाढते?’’

टकल्यानं दुसरंच काढलं. ‘‘याच दाखल्यावर तुम्ही सरकारी नोकरीत अठ्ठावन्नपर्यंत बसले ना? तीन वर्षं जास्तीची केली. तेव्हा नाही आठवलं खरं वय?’’

माझा दोस्त म्हणाला, ‘‘तेव्हा कोणी विचारलंच नाही जी.’’

खरं तेच बोलला तो. आणि टकल्याच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्या तीन वर्षांचा त्याला फायदा झालाच होता. पण मला संताप आला तो त्यांच्या हसण्याचा. माणूस तिथं वय चोरायला आला नव्हता. आपण म्हातारे आहोत एवढंच मान्य करा म्हणून हात जोडत होता. साठीला कोणी एवढं मागत नाही, लोक केस काळे करून फिरतात. सेक्रेटरीनं दाखला परत देताना त्यावर तर्रीचा अंगठा उमटला. लाल, तेलकट, बरोबर जन्मतारखेच्या शेजारी. त्यानं बघितलंसुद्धा नाही.

तेवढ्यात ते म्हातारे गृहस्थ पहिल्यांदा बोलले. म्हणाले, ‘‘नियमात एक जागा आहे. लहानपणापासून ओळखणारा कोणी नोंदणीकृत जुना खेळाडू लेखी देत असेल, की हा माणूस अमुक वयाचा आहे, तर कमिटी विचार करू शकते.’’ मग ते माझ्याकडे वळले. ‘‘तुम्ही पण कामठीचेच ना? एकाच मोहल्ल्यातले?’’

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सेक्रेटरीनं कोरा कागद पुढं सरकवला, त्यावर पेन ठेवला. ‘‘बोला सर. काका मोठे का तुम्ही मोठे?’’

मला कळायला एक क्षण लागला, जास्त नाही. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, असं मी लिहिलं की बहिणीच्या खऱ्या तारखेवरून तो एकसष्टचा ठरत होता. आणि तो एकसष्टचा ठरला की मी एकोणसाठचा ठरत होतो. तो आत, मी बाहेर. एक वर्ष थांबलो असतो तर मीही आत आलो असतो. एक वर्ष. माझे डोळे चांगले होते, हात चांगले होते, मला कसलीही घाई नव्हती. पण मी वेस्टकोट शिवून घेतला होता. शिंप्याकडे दोनदा माप द्यायला गेलो होतो. बेसाच्या आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर मुलीनं माझा काठी हातात धरलेला फोटो टाकला होता आणि खाली तीस-चाळीस लोकांनी हात जोडले होते. एवढ्यासाठी. लिहितानाही लाज वाटते, पण एवढ्याचसाठी.

मी हसलो. डॉक्टरांच्या केबिनमध्ये हसायचो तसा. म्हणालो, ‘‘एकाच मोहल्ल्यातले आहोत, हे नक्की. पण इतक्या लहानपणचं काय आठवणार? कोण मोठं, कोण लहान, आता नाही आठवत.’’

हॉलमध्ये दुसऱ्या टेबलावर कोणीतरी नवा डाव मांडून गोळे फोडले, तो आवाज आठवतो. बहीण माझ्याकडे बघत होती. माझ्या आईच्या हातचं खाऊन मोठी झालेली पोरगी ती, तिला सगळं माहीत होतं. दोस्तानं माझ्याकडे बघितलं नाही. त्यानं रुमाल काढला, दाखल्यावरचं तेल पुसायला गेला, ते आणखी पसरलं. मग त्यानं दोन्ही दाखले पिशवीत ठेवले आणि बहिणीला म्हणाला, ‘‘चाल वं, ऑटो भेटन आता.’’ सेक्रेटरीनं मागून आवाज दिला, ‘‘काका, दोन वर्षांनी या, तेव्हा तुमचंच राज्य.’’ टकला पुन्हा हसला. ते म्हातारे गृहस्थ पोह्याच्या प्लेटमध्ये बघत राहिले. त्यांना माझं खोटं कळलं होतं, मला त्यांच्या मानेवरून दिसलं. पण बोलले तेही नाहीत. आम्ही तिथले सगळेच एकाच माळेचे मणी होतो.

स्पर्धा दोन दिवसांची होती. मी वेस्टकोट घातला, बो बांधला, आरशात बघितलं तर लग्नातल्या बँडवाल्यासारखा दिसत होतो. पहिलाच सामना अकोल्याकडच्या एका माणसाशी पडला. सत्तरीचा, हात थरथरणारा. मी पाच-एकनं हरलो. अर्ध्या तासात. म्हणजे ज्याच्यासाठी मी तोंड काळं केलं, ते सगळं मिळून अर्धा तास चाललं. जिंकलो असतो तर बरा ठरलो असतो असं नाही, पण हे अगदीच हिडीस होतं. सेक्रेटरीनं पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, ‘‘पार्टिसिपेशन इम्पॉर्टंट असते, सर.’’ आणि सन्मान म्हणून एक शाल आणि नारळ दिला. हरलेल्यांना पण देत होते.

बाहेर आलो तर काचेच्या भिंतीशी असलेल्या बाकावर माझा दोस्त बसला होता. तो दोन्ही दिवस आला आणि दोन्ही दिवस तिथं बसला. कामठीहून शेअर ऑटोनं यायचा, डबा आणायचा, आत येत नव्हता. काचेतून बघायचा, चांगला डोळा काचेला लावून. मला वाटलं होतं शिव्या घालेल. त्यानं माझ्याकडे न बघता टेबलाकडे बोट केलं. ‘‘सहा नंबर पातळ मारला तू, नुसता घासून. भरून मारायचा होता.’’ मी शाल बॅगेत कोंबली आणि थेट स्कूटरकडे गेलो. नारळ बेसाच्या रस्त्याला एका देवळात ठेवून दिला, घरी नेववेना.

त्यानंतर आमचं बोलणं तुटलं असं नाही, पण राहिलंही नाही. दिवाळीला फोन, कोणाच्या मयताला भेट. मी दोनदा कामठीला गेलो, दोन्ही वेळा त्याची बायको म्हणाली, ते झोपले आहेत. दुपारी चारला. मी समजलो. डोळ्यांचं बहिणीकडून कळत गेलं. एक गेला, मग दुसऱ्यात बोटं दिसेनाशी झाली, मग फक्त दिवस आहे की रात्र एवढं. मी हॉलमध्ये जाणं चालू ठेवलं. का ठेवलं ते मला सांगता येत नाही. तो कागद तिथंच होता, चहाच्या वाफेनं पिवळा पडलेला. दर खेपेला नजर आधी त्यावरच जायची.

गेल्या महिन्यात त्याचा स्वतःचा फोन आला. म्हणाला, ‘‘ये. एक मेसेज वाचून दे.’’ घरात वाचायला माणसं होती. सून होती, बायको होती. तरी मला बोलावलं. मी त्याच सकाळी गेलो.

तो अंगणात खुर्चीवर बसला होता. दाढी नीट केलेली, शर्ट इस्त्रीचा, डोळे उघडे, पण माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला लागलेले. मी ‘कसा आहेस’ विचारलं, ‘‘हाये,’’ म्हणाला. फोन पुढं केला. मेसेज स्पर्धेच्या कमिटीचा होता. मी वाचला. आपल्या अभिलेखानुसार आपण एक जानेवारीस साठ वर्षे पूर्ण केलेली आहेत. सीनियर गटात सहभागी होण्यास आपण पात्र आहात. हार्दिक अभिनंदन.

‘‘अजून एकदा वाच,’’ तो म्हणाला.

मी पुन्हा वाचला. या लोकांना एवढं तरी बघता आलं नसतं का, की कोणाला अभिनंदन पाठवतोय. कॉम्प्युटरनं काढलेली यादी, दाबलं बटण, गेलं सगळ्यांना. मला फोन विहिरीत टाकावासा वाटला.

‘‘तू भरला का यंदाचा फॉर्म?’’ त्यानं विचारलं.

‘‘भरला,’’ म्हणालो.

‘‘हं. खाली नियम असंल ना. पूर्ण वाच.’’

मी एकेक कलम वाचत गेलो. दाखला, डॉक्टरचं प्रमाणपत्र, काळी पँट, वेस्टकोट. तो मान हलवत ऐकत होता. सतराव्या कलमाला त्यानं हात वर केला आणि मला थांबवलं. ‘‘हे पुन्हा.’’

ते कलम असं होतं : कोणत्याही खेळाडूच्या वयाबाबत दुसऱ्या नोंदणीकृत खेळाडूस आक्षेप असल्यास तो साध्या अर्जाद्वारे नोंदवता येईल, व चौकशी पूर्ण होईपर्यंत संबंधित खेळाडूस खेळता येणार नाही.

‘‘हा नियम तेव्हाबी होता,’’ तो म्हणाला. ‘‘मी बाकावर बसलो होतो ना, तं ते म्हातारे साहेब बाहीर आले होते. अर्जाचा कागद घेऊन. म्हणे, फक्त सही करा, बाकी मी लिहितो. तुह्या सामन्याच्या पहिले.’’

म्हणजे त्या बाकावर बसलेल्या माणसाच्या हातात माझा निकाल होता, आणि मी आत काठीला चॉक लावत होतो.

‘‘मग काहून नाही केली सही?’’ मी विचारलं.

त्याची बायको आतून चहा घेऊन आली. त्यानं हातानं चाचपून कप धरला, एक घोट घेतला, आणि माझ्या बाजूला जिथं मी नव्हतो तिथं बघत म्हणाला, ‘‘केली असती तं तुले बाहीर काढलं असतं. अन् तू येऊन माह्याच बाकावर बसला असता. मले तुह्यं तोंड पाहाचं नव्हतं. आता दिसत नाही, म्हणून बोलावलं.’’